जीप उभी करून भरलेला फॉर्म

कोल्हापूर
६ जानेवारी २०२५

नजे,

लिफाफ्यात दोन कागद आहेत. एक कार्यालयाचा, त्यात मी तुला 'महोदया' म्हटलंय. दुसरा हा. आधी हा वाच, म्हणजे त्या महोदयेला बघून तू पत्र चुलीत घालणार नाहीस.

फोन केला असता. पण धोंडुबाई स्मृती न्यासात नोकरी धरल्यापासून मला अर्जदारांशी फोनवर बोलायची बंदी आहे. वशिला लागतो म्हणे! जे काय ते लेखी. आणि तुझ्या वाडीवर तरी कुठं रेंज असते? लग्न करून चंदगडच्या डोंगरात शिरलीस ती गुडूपच झालीस.

तर मुद्द्याचं. पोरींना कॉलेजला नेणारी तुझी जीप आमच्या न्यासाच्या मदतीवर चालते, आणि तुझा सहामाही अहवाल अजून आलेला नाही. अहवाल नाही तर पुढच्या वर्षाचा अर्ज घेता येत नाही, आणि अर्ज मार्चअखेर यायला हवा. अगं, गडहिंग्लजच्या हॉस्टेलवर सगळ्यांच्या आधी जर्नल पूर्ण करणारी तू! माझ्या बेडकाच्या आकृत्यासुद्धा तूच काढायचीस. तुझंच काम कसं अडलं? आळस असेल तर झटक, अडचण असेल तर सांग.

करीमभाईंना नमस्कार.

तुझी,
तेजस्वी


१४ जानेवारी २०२५
संक्रांत

तेजे,

तीळगूळ घे आणि गोड बोल, कारण मी आज गोड बोलणार न्हाय.

तुझी महोदया पोचली. करीमनं मोठ्यांदा वाचून दाखवली, आणि गॅरेजमधनं दिवसभर 'महोदया, चहा हाय का?' चाललंय.

आळस म्हणालीस. बरं. आता ऐक. मी पहाटे जीप काढते. चार वाड्यांवरच्या पोरी गोळा करत खाली उतरते. आमच्याकडं एस.टी. येती ती कॉलेज भरल्यावर. दुसरी वडापची जीप माणसं कोंबून भरल्याबिगर जागची हलत न्हाय, आणि तिच्यात घरची माणसं पोरी पाठवत न्हाईत. माझ्यात पाठवतात, कारण गाडी बाई चालवती. पोरी सोडल्या की बायडाबाईच्या काजूच्या शेडवर दिवसभर काम, सांजच्याला पोरी घेऊन परत. आता तूच सांग, लिहू कवा?

बरं, तुम्ही एकटं असता तरी चाललं असतं. तुमचा न्यास, हातकणंगल्याचा तो सूतगिरणीवाल्यांचा निधी आणि गडहिंग्लजचं मंडळ, तिघं मिळून एक जीप चालवता. पर फॉर्म तीन, अहवाल तीन. एकाला पोरींची नावं वाडीवार पायजेत, एकाला वयावार, एकाला बापाच्या धंद्यावार. आणि तिघांनाबी फोटोत जीपवर आपापलाच बोर्ड पायजे. करीमनं दारांना हुक मारलेत. एक बोर्ड चढवायचा, फोटो काढायचा, उतरवायचा, दुसरा चढवायचा. पोरी म्हणतात, मावशी, ही जीप हाय का नाटक कंपनी? करीम तर म्हणतोय, तुझी गाडी डिझेलवर न्हाय, कागदावर पळती.

फॉर्म भरायला बसले की जीप उभी, आणि जीप काढली की फॉर्म पडून. दोन्हीकडं मीच एकटी.

आणि एक सांगते, राग धरू नको. मागच्या वर्षीच्या अहवालात मधेच मी लिहिलतं, 'हे वाचणाऱ्यानं एप्रिलात आमच्याकडं ओल्या काजूची उसळ खायला यावं.' तिघांनाबी तेच पाठवलं. पातेलंभर करून ठेवलती. एप्रिल गेला, कोण फिरकलं न्हाय. म्हंजे वाचतंय कोण तेजे?

नजीरा


कोल्हापूर
२० जानेवारी २०२५

नजे,

उसळीचं वाचलं आणि उठून कपाटाकडे गेले. तुझा मागच्या वर्षीचा अहवाल होता तिथंच. पिन जशीच्या तशी. मी तेव्हा इथं नवीन होते, पण खरं सांगते, जुनी असते तरी वाचला नसता. अहवाल आला की जोडपत्रं आहेत का एवढं बघते आणि आत ठेवते. उरलेला दिवस ज्यांचे आले नाहीत त्यांना स्मरणपत्रं लिहिण्यात जातो. वाचायला कुणाला सवड आहे इथं?

पण मी गप्प बसलेली नाही. तुझ्यासारख्या अडलेल्या सगळ्या गटांसाठी ४ फेब्रुवारीला इथं प्रशिक्षण ठेवलंय, 'अर्ज आणि अहवाल सोपेपणानं कसे भरावेत'. एक दिवस दे, पुढचा सगळा त्रास वाचेल. ज्यांना अर्ज करायचाय त्यांना हजेरी सक्तीची केलीय, म्हणजे तू टाळायला नको. जेवण आहे, आणि तांबड्या रश्श्याची सोय मी स्वतः बघितलीय.

येतेस ना? किती वर्षांनी दिसशील!

तेजस्वी


१२ फेब्रुवारी २०२५

तेजस्वीताई,

प्रशिक्षणाला आलते. मागं बसलते. चांगलं बोललीस. जेवायला थांबले न्हाय.

आमच्या जीपमधल्या वर्षाराणीची त्या दिवशी बारावीची प्रॅक्टिकल हुती. करीमच्या गॅरेजातल्या अल्ताफला जीप देऊन आलते. त्याला बघून दोन घरांनी पोरी पाठवल्याच न्हाईत, कारण गाडीवर बाई न्हाय. त्यात वर्षाराणीचं घर. ती बापाशी भांडून चालत निघाली. पोचली तवा तिची तुकडी आत जाऊन बाहेर आलती. कॉलेजातल्या बाईंनी दया केली, दुपारच्या तुकडीत बसवलं, म्हणून वाचली. सांजच्याला मी तिच्या घरी गेले. तिच्या पायाकडं बघवत नव्हतं.

मी ठरवलंय. येतोय येतोय म्हणून न येणारी गाडी असण्यापेक्षा नसलेली बरी. पोरींच्या घरचे निदान दुसरं कायतरी बघतील. गणपतराव काजूवाल्यांना माल न्यायला जीप पायजे. अक्षयतृतीयेला न्यायला येणार हायत. तुमचे कोरे फॉर्म परत पाठवते, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील.

नजीरा


कोल्हापूर
३ मार्च २०२५

नजे,

मला ताई म्हणालीस. एवढी कधी रागावली नव्हतीस.

वर्षाराणी डोंगरातून चालत होती, आणि त्याच वेळी मी पंख्याखाली उभी राहून पडद्यावर 'सोपेपणानं कसे भरावेत' दाखवत होते! तू हात करून निघून गेलीस, तेव्हा मला वाटलं गाडीची घाई असेल. किती मूर्ख असावं माणसानं?

तुझे कोरे फॉर्म आले, ते घेऊन मी तडक आण्णांकडे गेले. हंबीरराव, म्हणजे आमचे आण्णा. आईच्या नावानं न्यास त्यांनीच काढलाय, पण बसतात आपल्या फौंड्रीत, आमच्याकडे सहीपुरते येतात. आधी सांगून टाकलं, नजीरा माझी हॉस्टेलची मैत्रीण आहे, तिच्या अर्जावर मी एक शब्द बोलणार नाही आणि निर्णयातही नसेन. पण फॉर्मवर बोलणार. कोरा फॉर्म पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, "आण्णा, समजा जीप तुमची आहे. भरा."

हसले. चष्मा लावला, चहा मागवला. पहिलं पान झोकात भरलं. दुसऱ्यावर आलं, 'प्रकल्पाचा तार्किक आराखडा जोडावा.'

"म्हंजे काय गं?"

"पोरी कॉलेजला गेल्यानं काय होईल, ते तक्त्यात दाखवायचं."

"शिकतील की! आणि काय व्हायचंय?"

"ते तक्त्यात, आण्णा."

पुढं 'समस्येचे विधान', मग 'शाश्वततेची रणनीती'. चहा गार झाला, दुसरा आला, तोही गार झाला. शेवटी पेन आपटलं. "कुणी काढलं हे?"

"तुमची सही आहे."

"सही माझी हाय. पण वाचलंय कुणी?"

मग मी सगळं सांगितलं. मागं एका बोगस संस्थेनं न्यासाला फसवलं, तेव्हापासून दर वर्षी खबरदारी म्हणून एकेक पान वाढत गेलं. आणि त्या बोगस संस्थेचा फॉर्म आमच्या कपाटातला सगळ्यात सुबक फॉर्म आहे. तार्किक आराखड्यासकट. रंगीत.

आण्णांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "म्हंजे चोराला फॉर्म भरता येतोय, आणि गाडी चालवणारीला येत न्हाय."

नजे, मी नोकरीवर पाणी सोडायच्या तयारीनं गेले होते. त्यांनी मलाच विचारलं, "बरं, फॉर्म फाडून टाकला. मग चोर कसा कळायचा ते सांग." मला उत्तर आलं नाही. तुला येतंय का? येत असेल तर लवकर लिही, आणि तोवर जीप देऊ नको. तुझ्या पाया पडते.

तुझीच,
तेजी


१४ मार्च २०२५

तेजे,

पाया पडू नको, रमजानचे रोजे चाललेत, आशीर्वाद द्यायलाबी अंगात जोर न्हाय.

आण्णांचं वाचून करीम गॅरेजात खाली बसून हसला. 'चोराला फॉर्म भरता येतोय' हे त्यानं भिंतीवर खडूनं लिवलंय.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या बायडाबाईला विचारलं तरी देईल. आमच्यात भाताची रोपं लावायला पैरा असतोय. आज तुम्ही सगळ्या माझ्या रानात, उद्या मी तुमच्या रानात. कोण अर्ज देत न्हाय, कोण अहवाल मागत न्हाय. पर एखादी हात आखडून लावाय लागली तर शेजारच्या ओळीतल्या बाईला लगेच कळतंय. चिखलात उभं राहून कुणाला काय लपवता येत न्हाय.

मग तुम्ही ज्यांना मदत देता त्या गटांचाच पैरा लावा की! नेसरीला क्रांती आणि तिच्या मैत्रिणी पाळणाघर चालवतात, त्यांनाबी तुमचाच पैसा हाय. क्रांती एक दिवस माझ्या जीपमधनं पोरींबरोबर जाऊ दे. जीप खरी का खोटी हे तिला पहिल्या वळणावर कळंल. मी जाते दुसऱ्या कुणाकडं. तू म्हणशील, एकमेकींचं झाकतील. झाकायचं म्हटलं तर जोडी ठरलेली लागती, तुम्ही दर खेपेला जोडी बदला. आणि तुम्ही तिघं दातेबी आपसात पैरा करा. एकानं बघितलं की तिघांनी बघितलं. हिशेब एकदाच तपासा, एकाच्या कागदावर तिघं भागवा.

हे सुचलं म्हणून लिहिलं. व्हईल असं मला वाटत न्हाय. गणपतरावांना अजून न्हाय म्हटलेलं न्हाय.

ईदला शीरखुर्मा खायला ये म्हटलं असतं, पण तुमच्या नियमात बसायचं न्हाय.

नजीरा


कोल्हापूर
२८ मार्च २०२५

नजे,

घाईत लिहिते. आण्णांनी तुझा पैरा वाचला, स्वतःच हातकणंगल्याला आणि गडहिंग्लजला फोन लावले. त्या दोन्ही ठिकाणचे लोकसुद्धा कपाटं भरून वैतागलेत, फक्त आधी कुणी बोलायचं हा प्रश्न होता! ११ एप्रिलला तिघंही तुझ्याकडे येतायत, पहाटेच्या फेरीला. अर्जाची मार्चअखेरची मुदतही तोवर पुढं ढकललीय. क्रांतीलाही बोलावलंय. मी येणार नाही. मैत्रीण आहे, माझा त्यात पाय नको.

काही सजवू नको, नेहमीचीच फेरी दाखव. एवढंच सांगते, आण्णा आईच्या नावाला फार जपतात.

तेजी


१३ एप्रिल २०२५

तेजे,

तू आली न्हाईस ते बरं झालं, आणि लई वाईटबी झालं. बघायला पायजे हुतीस गं!

'आईच्या नावाला जपतात' असं तू लिहिलंस, ते बायडाबाईनं घट्ट धरून ठेवलं. तिघं पावणं एकदम येणार म्हंजे बोर्ड बदलायला वेळ कुठला? तिनं आदल्या दिवशीच तिन्ही चढवून घेतले. हातकणंगले एका दाराला, गडहिंग्लज दुसऱ्या दाराला, आणि पडू नयेत म्हणून वरनं तारेनं असे आवळले की दारंच उघडंनात. धोंडुबाई राहिल्या. त्या मागं बांधल्या, सायलेन्सरच्या वर. मला अंधारात दिसलंच न्हाय. जीप चालू करून मी गरम करत ठेवली.

पावणं उतरले. पोरी बाहेर उभ्या, आत बसता येईना. गणपतराव बी जीप न्यायच्या आधी बघून घ्यावी म्हणून आलते. आण्णांनी जीपला फेरी मारली आणि मागं जाऊन थांबले. धुरात आईचं नाव काळं पडत चाललेलं. म्हटलं, झालं, संपलं आपलं.

"माझ्या आईला धुराड्याला बांधली व्हय गं?" असा आवाज दिला की झाडावरचे कावळे उडाले.

बायडाबाई कसली भितीय! कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग कुठं बांधू पावणं? तुम्ही तिघं आणि दारं दोन!"

आणि मग आण्णा हसाय लागले. डोळ्यांत पाणी येस्तोवर हसले. करीमकडनं पक्कड मागितली, खाली गुडघ्यावर बसून स्वतःच्या हातानं तार सोडली. बोर्ड रुमालानं पुसला आणि काखेत मारला. म्हणाले, "माझी आई दारात आलेल्याला भाकरी द्यायची, त्याच्या कपाळावर आपलं नाव लिहीत नव्हती." एवढं बोलून त्या दोघांकडं नुसतं बघितलं. दोघांनी गुमान आपापले बोर्ड उतरवले. दारं उघडली. पोरी टाळ्या वाजवत आत बसल्या.

आण्णा मागं पोरींच्यात दाबून बसले. वाटेत त्यांनी पोरींना विचारलं, जीप नसती तर? एक म्हणाली, लग्न. दुसरी म्हणाली, लग्न. तिसरीला विचारलंच न्हाय. क्रांती माझ्या शेजारी बसलती. उतरल्यावर तिला विचारलं, बाई, तुझा अहवाल काय? ती म्हणाली, "ही बाई वळणावर हॉर्न मारती, पोरींची वाट बघती, आणि तिच्या मागच्या टायरला नवीन रबर पायजे." आण्णा म्हणाले, असला अहवाल मला आजवर मिळाला न्हाय.

वर्षाराणी मुद्दाम भेटायला आलती. तिनं प्रॅक्टिकलच्या दिवशीचं सगळं सांगितलं, कुणाला न भिता. मी खाली बघत हुते. आण्णाबी खाली बघत हुते.

मग जेवण. ओल्या काजूची उसळ, तांदळाची भाकरी. आण्णांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाले, "असलं जेवण असतंय तर मागच्या वर्षी का बोलवलं न्हाईस?"

"बोलवलतं की आण्णा," मी म्हटलं. "अहवालात."

त्यांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "नजीराबाई, ह्या पातेल्यापुढं मी सांगतो, येत्या जूनला तुझी जीप निघणार." गणपतराव हात धुऊन आले आणि मला म्हणाले, मी दुसरी गाडी बघतो, ह्या जीपवर माल चढवायचं माझं धाडस न्हाय.

सगळी गेल्यावर मी जीपच्या बॉनेटवर डोकं ठेवून रडले, तेजे. करीम म्हणाला, महोदया, चहा घ्या.

नजी


कोल्हापूर
९ मे २०२५

माझी नजी,

झालं! झालं! झालं!

तिन्ही ठिकाणच्या लोकांनी आमच्या ऑफिसात बसून ठरवलं. तुझा निर्णय झाला तेव्हा मी मुद्दाम बाहेर जिन्यात उभी होते, नखं खात. तिघांना मिळून एकच अर्ज, एका पानाचा. ज्याला लिहिता येत नाही त्यानं तोंडी सांगायचा, आम्ही लिहून घेऊ. मदत एकदा मंजूर झाली की तीन वर्षं परत मागायला नको. हिशेब एकच, तिघांना तोच चालेल. अहवाल बंद. गटांचा पैरा, दर वेळी नवी जोडी, आणि सहा महिन्यांतून एक फोन. फोनवरची बंदी उठली! वशिल्याला आळा कसा घालायचा, तर ज्याची ओळख असेल त्यानं निर्णयाच्या वेळी जिन्यात उभं राहायचं. हा नियम आण्णांनी माझ्याकडे बघून सांगितला.

आणि तुझी जीप तीन वर्षांसाठी मंजूर आहे. नव्या टायरसकट.

माझं कपाट रिकामं झालं. आता महिन्यातले निम्मे दिवस मी बाहेर असते, गटांना भेटते, त्यांचं ऐकते. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा कळलं की आपण नक्की कुणाला मदत देतो. वर्षाराणीचा निकाल काय लागला गं? आण्णा रोज विचारतात.

त्यांची चिठ्ठी सोबत आहे, तशीच्या तशी ठेवते:

'नजीराबाईस, हंबीररावचा नमस्कार. आईचा बोर्ड घरी देवघरात लावला. आता धूर लागणार न्हाय. उसळीला पुढच्या वर्षी न बोलवता येणार.'

तुझी तेजी


१६ जून २०२५

तेजे,

वर्षाराणी पास, आणि नुसती पास न्हाय, भौतिकशास्त्रात कॉलेजात पहिली! प्रॅक्टिकलसकट. गडहिंग्लजला नर्सिंगला जाणार हाय. निकालादिवशी बापानं स्वतः पेढे आणून दिले, तोच बाप बरं का. आण्णांना सांग.

आज बारावीचं कॉलेज भरतंय. नवीन टायर, दारं रिकामी, बोर्ड एकबी न्हाय. पहिल्या वाडीवर दोन नव्या पोरी उभ्या हायत, त्यांच्या आया त्यांना सोडायला आल्यात. पुढच्या आठवड्यात पैऱ्याला मी हातकणंगल्याच्या एका गटाकडं जाणार, तवा जीप क्रांती चालवणार. पाळणाघर सांभाळून शिकली बघ ती, बाई असल्यामुळं कुठल्याच घरानं तक्रार केली न्हाय.

हे पत्र बॉनेटवर ठेवून लिहितेय, म्हणून अक्षर असलं. लिहायचं लई हाय, पर पोरी हॉर्न वाजवाय लागल्यात. आणखी लिहीत बसले तर जीप उभी राहील.

निघाले.

नजी